मास्तरांची पॉलिसी आणि दोन मिलिग्रॅमची गोळी

२०२४ची चतुर्थी आटोपून आठवडा झाला असेल. गोव्यात फोंड्याला कदंब बसस्थानकाजवळच्या माझ्या विमा एजन्सीच्या ऑफिसात मास्तर आले ते हातात छापील कागद घेऊनच. "पॉलिसी झालीय रे. बंगळुरूच्या भाच्याने मोबाइलवर काढून दिली. तू फक्त एकदा नजर घाल."

मास्तरांनी मला तिसरी-चौथीत शिकवलंय. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. लेक इंग्लंडमधल्या स्विंडनला असते. जावयाने आजोबांच्या नोंदींवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि ब्रेक्झिटची दारं बंद व्हायच्या आत तिकडे पोचला. स्विंडनमध्ये आपल्याकडची इतकी माणसं आहेत की लेक फोनवर सांगते, दुकानात कोकणी ऐकू येते म्हणून. तिचं बाळंतपण नोव्हेंबरअखेरीस होतं. २२ ऑक्टोबरला निघायचं, दिवाळी तिकडेच करायची आणि नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात परतायचं, असा मास्तर आणि त्यांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा, बेत. एकूण ७५ दिवस.

कागद बघितला. विमा रक्कम माणशी अडीच लाख डॉलर, दोघांचा मिळून प्रीमियम ११,३०० रुपये. आकडे छान होते. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: प्रवाशांपैकी कुणाला पूर्वीचा आजार आहे काय? उत्तर: नाही.

"मास्तर, हे 'नाही' कुणी लिहिलं?"

"भाच्याने. 'होय' म्हटलं की पुढे दहा प्रश्न विचारतात म्हणे."

मास्तरांना २०१०पासून मधुमेह. रक्तदाबाची गोळी त्याच्याही आधीपासूनची. मार्च २०२२मध्ये पहाटे छातीत दुखलं, रुग्णवाहिकेतून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेलं आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. हे सगळं मला ठाऊक, कारण तेव्हा बांबोळीला रात्र काढणाऱ्यांत मीही होतो. आणि तरी कागदावर माणूस ठणठणीत.

आमच्या धंद्यात पूर्वीच्या आजाराला पीईडी म्हणतात. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत ही तीन अक्षरंच खरी गोष्ट. विम्याची रक्कम अडीच लाख डॉलर असो की दहा लाख, तिच्या खालच्या बारीक अक्षरांत पीईडी वगळलेला असेल तर मास्तरांच्या हृदयासाठी आणि साखरेसाठी ती रक्कम शून्य. उरतं काय, तर पाय मोडणं, विषबाधा, सामान हरवणं. अडुसष्टाव्या वर्षी मधुमेही माणूस इस्पितळात जातो तो बहुधा कशामुळे, हे सांगायला विमा एजंट लागत नाही.

खोटं 'नाही' त्याहून वाईट. वगळलेल्या आजारापुरता क्लेम नाकारला जाईल एवढ्यावर ते थांबत नाही. माहिती लपवली म्हणून कंपनी अख्खी पॉलिसीच रद्द धरू शकते. विम्याचा करार विश्वासावर चालतो आणि पहिला विश्वास मागितला जातो तो प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज, भरणाऱ्याकडून.

मास्तरांचा युक्तिवाद तयार होता. पेपरात वाचलं होतं, पूर्वीच्या आजाराची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, आता चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. बातमी खरी. विम्याचा नियामक आयआरडीएआयने २०२४मध्ये आरोग्य विम्यातली ती कमाल मुदत ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. मोरेटोरियमही ९६ महिन्यांवरून ६० महिन्यांवर आणलं, म्हणजे सलग इतके महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही सांगितलं नव्हतं' म्हणून क्लेम अडवता येत नाही. पण ही सगळी वर्षानुवर्षं नूतनीकरण होणाऱ्या देशी पॉलिसीची गणितं. ७५ दिवसांची पॉलिसी ३६ महिने कधी जगणार? पंचाहत्तराव्या दिवशी ती संपते.

दुसरा समज त्याहून पक्का. "जावई तिकडे कर भरतो. एनएचएस आहे, तिकडची सरकारी आरोग्यसेवा. आम्हाला कोण पैसे मागतो?" स्विंडनला आईवडील पाठवणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात हे वाक्य ऐकतो. जावयाचा कर जावयाला उपयोगी. सासऱ्यांचा व्हिसा सहा महिन्यांच्या आतला पाहुण्याचा. त्यावर आरोग्य अधिभार भरावा लागत नाही आणि म्हणून एनएचएसचा हक्कही मिळत नाही. इंग्लंडमध्ये अपघात-तातडी विभागातली तपासणी कुणालाही फुकट असते, हे खरं. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की पाहुण्याला बिल लागतं, तेही एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडशे टक्के. उपचार तातडीचा असेल तर पैशांसाठी अडवत नाहीत, बिल मागाहून पाठवतात. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकबाकी दोन महिन्यांवर गेली की ती त्यांच्या गृहखात्याला कळते आणि पुढचा व्हिसा अडकू शकतो. नातवंडाच्या बारशानंतर मुंजीलाही जायचं असेल तर हा हिशेब डोळ्याआड करून चालत नाही.

गंमत अशी की ब्रिटनचा पाहुणा व्हिसा विमा मागतच नाही. लिस्बनला जाणारी माणसं निदान माझ्याकडे येतात तरी, कारण युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. पण तिथेही माणूस प्रमाणपत्रासाठी येतो. व्हिसा अधिकारी रक्कम आणि मुदत बघतो, तुमचा स्टेंट त्यात बसतो की नाही हे तो बघत नाही. मागे एक गृहस्थ गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घेऊन आले होते. "हे चालणार नाही काय?" त्यांना समजावायला अर्धा तास गेला, की ते कार्ड योजनेत नोंदलेल्या इस्पितळांपुरतं, आणि त्यात पोर्तुगालमधलं एकही नाही.

मास्तरांनी अर्थातच विचारलं, "महाग पॉलिसीवर तुला कमिशन जास्त ना?" होय, जास्त. ते त्यांना आकड्यासकट सांगितलं. मग चहा आला.

जुनी पॉलिसी सुरू व्हायची होती, त्यामुळे थोडी रक्कम कापून ती रद्द झाली. नवी शोधायला मात्र पंधरा दिवस गेले. एका कंपनीने वय आणि स्टेंट ऐकून ऑनलाइनच दार लावलं. दुसरीकडे पीईडी 'आहे' म्हणून जाहिरात होती, पण शब्द वाचले तर जीव वाचवण्याच्या तातडीत, प्रकृती स्थिर होईपर्यंत, आणि कमाल अडीच हजार डॉलर. दोन रात्री आयसीयूत गेल्या तर एवढ्यात भागलं नसतं. तिसरी कंपनी घ्यायला तयार होती, पण कागद मागत होती: गोमेकॉचं डिस्चार्ज कार्ड, ताजा ईसीजी, टूडी इको, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), आणि हृदयरोगतज्ज्ञाचं 'प्रवासास योग्य' असं पत्र. विमा रक्कम एक लाख डॉलर, त्यात पीईडीच्या तातडीसाठी सब-लिमिट, म्हणजे आतली वेगळी कमाल मर्यादा, १५ हजार डॉलर; डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून सोसायची रक्कम, १०० डॉलर. मास्तरांचा प्रीमियम १७,६०० रुपये.

मी तिसरीच धरली. मास्तरांना स्पष्ट सांगितलं, हे पूर्ण छत्र नव्हे. १५ हजार डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण साडेबारा लाख रुपये. रोजच्या गोळ्या, ठरलेली तपासणी, आधीच ठरवून केलेलं ऑपरेशन यात काही बसत नाही. अचानक, जिवावर बेतणारं काही झालं तरच.

डिस्चार्ज कार्ड शोधायला बाईंनी कपाट उपसलं. सापडलं ते गणपतीच्या मखराच्या सामानात. कार्डाच्या शेवटच्या पानावर स्टेंटचा स्टिकर अजून चिकटलेला: लांबी, व्यास, सिरियल नंबर, बारकोड. मी अनेकांना सांगतो, हे पान फाडू नका, झेरॉक्सवर भागवू नका. परक्या देशातल्या डॉक्टरला तुमच्या छातीत काय आहे ते त्या दोन इंच कागदावरून कळतं. मास्तरांच्या कार्डाचा मी मोबाइलवर फोटो काढला, लेकीला पाठवला.

मग बाईंचा फॉर्म.

"मला काही नाही," बाई म्हणाल्या.

"सकाळी उठल्याउठल्या गोळी कसली घेता?"

"ती थायरॉईडची. थायरॉईड काय रोग?"

वीस वर्षांची गोळी रोग वाटेनाशी होते. गुडघ्यांचंही तसंच. दोन्ही लिहिलं. त्यांच्या प्रीमियमवर थोडं लोडिंग, म्हणजे आजारापायी वाढीव आकार, बसलं, ९,४०० झाले. दोघांचे २७,०००. मास्तरांनी चेक लिहिताना अकरा हजार तीनशेंची आठवण काढली. मी ऐकलं नाही असं केलं.

प्रपोजलमध्ये औषधांची यादी देताना नाव, मात्रा, कधीपासून, असं सगळं भरलं. त्यात मधुमेहाच्या गोळीची एक ओळ होती: ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्याआधी.

पॉलिसी ५ ऑक्टोबरला आली. १२ला दसरा. त्यानंतर एक-दोन दिवसांनी मास्तर आपट्याची पानं घेऊन ऑफिसात आले आणि जाता जाता म्हणाले, "साखर जरा वाढली होती, डॉक्टरांनी गोळी दोनची केली." मी 'बरं' म्हणालो आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या गाडीच्या विम्यात डोकं घातलं.

खरं सांगायचं तर मी ते विसरलोच होतो. ऑफिसात टायपिंगला येते त्या मुलीने दुपारी विचारलं, "मास्तरांच्या फाइलमध्ये गोळी एकचीच राहू दे काय?" तिने प्रपोजल टाइप केलं होतं, म्हणून तिच्या लक्षात. त्या दिवशीही मी म्हटलं, बघतो. प्रवास आठवड्यावर आलेला, कंपनीने पुन्हा अंडररायटिंगला, म्हणजे जोखीम तपासायला, टाकलं तर? वाढीव प्रीमियम मागितला तर मास्तरांना काय तोंड दाखवायचं? दोन दिवस हा विचार चालला. १६ ऑक्टोबरला नव्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो जोडून कंपनीला मेल केला: पॉलिसी क्रमांक अमुक, विमाधारकाच्या औषधाच्या मात्रेत बदल. चार दिवसांनी उत्तर आलं, एका ओळीचं. नोंद घेतली आहे, अटी त्याच. मी ते प्रिंट करून फाइलला लावलं.

२२ला मास्तर-बाई मोपा विमानतळावरून मुंबईला आणि तिथून लंडनला गेले. लेकीचा फोटो आला, थंडीने गुंडाळलेले दोघे, मास्तरांच्या डोक्यावर माकडटोपी.

१२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी होती. मास्तर वारकरी नव्हेत, पण दोन्ही मोठ्या एकादश्या करतात आणि कार्तिकीला साखळीजवळ विठ्ठलापूरला जाऊन येतात. तिकडे विठ्ठलापूर कुठलं? उपास मात्र केला. सकाळी सवयीने सगळ्या गोळ्या घेतल्या. दोन मिलिग्रॅमची ग्लिमेपिराइडही. घरी असते तर बाई अकराला साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवत. तिकडे लेकीला नववा महिना, बाई तिच्यामागे, आणि मास्तर "नंतर केळं खातो" म्हणत ब्लँकेट घेऊन पडले. नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये सव्वाचारला सूर्य मावळतो. त्या सुमारास स्वयंपाकघरात धप्प आवाज झाला.

घामाने डबडबलेले, असंबद्ध बोलत, चष्मा फुटलेला. बाईंना वाटलं पुन्हा हृदय. लेकीनेही फोनवर 'वडिलांना स्टेंट आहे' एवढंच सांगितलं. रुग्णवाहिकेतल्या माणसाने बोटाला सुई टोचून यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, २.४. लेक गोंधळली, कारण फोंड्याहून नेलेल्या मास्तरांच्या ग्लुकोमीटरवर आकडे शंभर-दोनशेत येतात. ब्रिटनमध्ये साखर वेगळ्या एककात मोजतात, १८ने गुणलं की आपला आकडा. २.४ म्हणजे ४३. सत्तरच्या खाली गेली की आपल्याकडे डॉक्टर धोक्याचं म्हणतात.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. एकादशी आहे हे त्या गोळीला कळत नाही. शिवाय तिचा परिणाम तासन्‌तास टिकतो, म्हणून ग्लुकोज देऊन शुद्धीवर आलेल्या माणसालाही लगेच घरी सोडत नाहीत. मास्तरांची साखर रात्री अकराला जेवल्यावरही पुन्हा खाली गेली. हृदयाचीही खात्री करायची होती, कार्डाच्या फोटोवरून स्टेंटचा तपशील मिळालाच होता. ईसीजी, हृदयाला इजा झाली काय ते सांगणारी रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी दोनदा. हृदय ठीक निघालं. दोन रात्री वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या परदेशी रुग्ण कार्यालयातली बाई येऊन पासपोर्टची प्रत घेऊन गेली.

मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी, मास्तर घरी आल्यावर. विमा कंपनीच्या असिस्टन्स नंबरवर कळवलं काय, मी विचारलं. शांतता. नंबर पॉलिसीच्या कागदावर होता, कागद मास्तरांच्या सुटकेसमध्ये आणि सुटकेस माळ्यावर. ही चूक मी माझ्या खात्यात धरतो. स्टेंटचा फोटो लेकीला पाठवला आणि तो नंबर पाठवायचं सुचलं नाही. दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर कळवा, असं पॉलिसीत असतं आणि कॅशलेस व्हायचं तर ते तेव्हाच होतं. लेकीने त्याच संध्याकाळी फोन लावला, क्लेम नंबर मिळाला, पण गाडी परताव्याच्या रुळावर गेली.

बिल आठ दिवसांनी आलं: २,१८० पौंड. गृहखात्याच्या भीतीने लेकीने दोन कार्डांवर भागून ते मुदतीत भरलं. त्याच आठवड्यात ती बाळंत झाली. मुलगी.

क्लेमचे कागद मास्तरांच्या वतीने मी जमवले. बिल, पावती, डिस्चार्ज लेटर, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा आपल्या इमिग्रेशनचा शिक्का, इथल्या डॉक्टरांची जुनी प्रिस्क्रिप्शनं. कंपनीचं पहिलं पत्र डिसेंबरच्या मध्याला आलं आणि ते वाचून पोटात गोळा आला. इंग्लंडच्या डिस्चार्ज लेटरमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: साखर घसरण्याचं कारण उपवास आणि अलीकडेच दुप्पट केलेली ग्लिमेपिराइडची मात्रा. कंपनीचा प्रश्न, प्रपोजलमध्ये १ मिलिग्रॅम नमूद आहे. २ मिलिग्रॅमची माहिती का दिली नाही? पत्राचा सूर प्रश्नाचा कमी, निकालाचा जास्त होता.

फाइल काढली. १६ ऑक्टोबरचा मेल, जोडलेलं प्रिस्क्रिप्शन, २० तारखेचं 'नोंद घेतली आहे'. तिन्हीच्या प्रती पाठवल्या. क्लेम विभागातल्या माणसाने फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं, तो मेल पॉलिसीच्या खात्याला जोडलाच गेला नव्हता, कुणाच्या तरी इनबॉक्सात पडून होता. औपचारिक एन्डॉर्समेंट मागून घ्यायला हवं होतं, असंही तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं. आता मी एका ओळीच्या उत्तरावर थांबत नाही, बदल नोंदलेला पॉलिसीचा नवा कागद हाती येईपर्यंत पाठपुरावा करतो.

त्यांच्या डॉक्टरने आणखी एक शंका काढली: हा प्रसंग 'जिवावर बेतणारा' होता की उपासाने आलेली साधी चक्कर? त्यावर रुग्णवाहिकेच्या नोंदीतला २.४ आणि रात्रीची दुसरी घसरण कामी आली. उशिरा कळवल्याबद्दल लेकीच्या गरोदरपणाचं पत्र जोडलं. कळवण्यातला उशीर समजण्यासारखा असेल तर निव्वळ त्यापायी खरा क्लेम फेटाळू नये, अशी नियामकाची भूमिका आहे, हे मी पत्रात नम्रपणे लिहिलं. नम्रपणे, कारण पैसे अजून त्यांच्याकडे होते.

फेब्रुवारी २०२५मध्ये मास्तरांच्या फोंड्याच्या खात्यात सुमारे २ लाख २५ हजार रुपये जमा झाले. बिलातून १०० डॉलरचं डिडक्टिबल गेलं. फुटलेला चष्मा मिळाला नाही. घरी आल्यावर लेकीने खबरदारी म्हणून खासगी डॉक्टरला दाखवलं, त्याचे ९५ पौंडही नाहीत, कारण प्रकृती स्थिर झाल्यानंतरची तपासणी पॉलिसीत नव्हती. भाच्याची पॉलिसी ठेवली असती तर मधुमेहाचं नाव निघताच यातला एक रुपयाही आला नसता.

या प्रकरणात मला एक गोष्ट अजून टोचते. मी आजार विचारले, गोळ्या विचारल्या, स्टेंटचा नंबर विचारला. गोळी दोनची झाली हे कळल्यावरही उपास करता काय, हे विचारलं नाही. ते विचारणं एजंटचं काम नव्हे, डॉक्टरचं, असं मी स्वतःला सांगतो. पण मास्तरांच्या एकादश्या डॉक्टरला ठाऊक नव्हत्या. मला होत्या, चौथीपासून.

आता मास्तर पुन्हा निघालेत. नातीचे केस लेक फोनवर दाखवते, ते बाईंना हाताने विंचरायचे आहेत. गेल्या वेळच्या कंपनीने यंदा मास्तरांना नकार कळवला, क्लेम झाला म्हणून की वय सत्तरीकडे आलं म्हणून, ते सांगितलेलं नाही. दुसरी एक तयार आहे, पीईडीचं सब-लिमिट १० हजार डॉलर, प्रीमियम जास्त. फॉर्ममध्ये 'मागील क्लेम' असा नवा रकाना आहे, त्यात १२ नोव्हेंबरची हकिकत पूर्ण लिहिली. ग्लिमेपिराइड आता बंद, वेगळी गोळी सुरू आहे. तीही लिहिली. एचबीए१सीचा रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे, तोवर फॉर्म माझ्या टेबलावर आहे.